भाऊंचा भाव

लोहाऱ्यात दारव्हा रोडला भाऊंचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. शाळेचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, सातबारा, एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांची ओळखपत्रं, जे जे कागदावर येतं ते भाऊ प्लास्टिकमध्ये घालतात आणि गरम असतानाच हातात देतात. झेरॉक्सचा आणि लॅमिनेशनचा दर भिंतीवर रंगवलेला आहे. हे दोन दर सोडले, तर भाऊंच्या तोंडून एका वस्तूची एकच किंमत दोनदा निघालेली लोहाऱ्यात कुणी ऐकलेली नाही.

त्यांची जुनी स्कूटर घ्या. ती विकत मागायला माणूस आला की तिची किंमत अठरा हजार. "असं इंजिन आता भेटते का कुठं?" साळ्यानं दोन दिवसांसाठी मागितली की, "भंगार हाये ते. रस्त्यात बसली तं तुलेच ढकलत आणा लागन." आणि ती एकदा दत्त चौकात एका ऑटोला घासली तेव्हा भरपाई मागताना तिची किंमत नव्या गाडीच्या वर गेली होती. ऑटोवाला म्हणाला, एवढ्यात तर माझा ऑटो येतो. भाऊ म्हणाले, "तं घे न मंग. ऑटो दे अन् स्कूटर घेऊन जा."

घराचंही तसंच. लोहारा ग्रामपंचायतीत होतं तोवर घरपट्टीचा फार त्रास नव्हता. गाव यवतमाळ नगरपरिषदेत गेलं आणि मोजणीची माणसं फिरू लागली. भाऊंनी त्यांना अंगणातूनच हात जोडले. "हे घर? बाप्पा, हे तं पडून रायलं. आमी देवाच्या भरवशावर झोपतो याच्यात." त्याच आठवड्यात पुतणीला पाहायला पाहुणे आले. चहाच्या कपावरून भाऊंनी छताकडे बोट केलं आणि सांगितलं की या जागेला सत्तर लाखाला लोक मागून राहिले, पण आपण काही देत नाही. पाहुण्यांत मोजणीवाल्याचा साडू होता, हे सोयरीक जमल्यावर कळलं. सोयरीक टिकली, घरपट्टी वाढली.

यावरून कुणी भाऊंना लबाड म्हणेल, पण ते बरोबर नाही. लबाड माणसाला खरी किंमत ठाऊक असते आणि तो दुसरी सांगतो. भाऊंना खरी किंमत ठाऊकच नसते. ती समोरच्याच्या चेहऱ्यावर लिहिलेली असते अशी त्यांची समजूत आहे, आणि ते बिचारे ती वाचून दाखवतात.

माझ्या मते याचं मूळ कापसात आहे. भाऊंच्या वडलांनी आयुष्यभर कापूस पिकवला आणि तो एकाधिकार खरेदीत घातला. १९७२ पासून कित्येक वर्षं महाराष्ट्रात कापूस सरकारलाच विकायचा असा कायदा होता. केंद्रावर बंड्यांची रांग लागायची, रात्र बंडीखाली काढायची, आणि सकाळी ग्रेडर यायचा. तो मूठभर कापूस उचलायचा, दोन बोटांनी धागा ओढून पाहायचा, कवडी किती आहे ते बघायचा आणि एक शब्द बोलून पुढच्या बंडीकडे जायचा. त्या एका शब्दात पोरीचं लग्न व्हायचं किंवा राहायचं. लहानगे भाऊ बंडीवर बसून हे पाहायचे. ग्रेडरला उत्तर द्यायचं नसतं, हेही त्यांनी तिथेच पाहिलं. आता सीसीआयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाचं, केंद्र असतं आणि बोटांच्या जागी ओलावा मोजायचं यंत्र असतं. आठ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात, बाराच्या वर गेला की माल परत. २०२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तोही दिल्लीत ठरला, आणि त्याच वर्षी ऑगस्टात विदेशी कापसावरचं आयात शुल्क काढून टाकायचं, तेही दिल्लीतच ठरलं. मुद्दा एवढाच की या जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या माल आपला आणि भाव दुसऱ्याचा. "तुमच्या मते याची किंमत काय?" हा प्रश्न कापूसवाल्याच्या पोराला कुणी विचारलेला नाही. विचारला तर तो घाबरून जे सुचेल ते सांगणार.

हा प्रश्न भाऊंना अमेरिकेनं विचारला.

भाऊंकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात त्यांच्या लहानपणचे पत्ते आहेत. खेळायचे नव्हेत, जमवायचे. बबलगमच्या पाकिटातून निघणारे क्रिकेटवाल्यांचे, आणि नंतरच्या काळातले कुस्तीवाल्यांचे, ज्यांच्यावर उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या असं सगळं छापलेलं असे. कुस्तीवाले पत्ते भाऊंच्या धाकट्या भावाचे. वाटणीत ते भाऊंकडे आले, कारण वाटणीच्या वेळी भाऊंनी त्यांची किंमत शून्य सांगितली होती. आता ती वाढते आहे असं धाकट्याच्या कानावर गेलंय आणि तो मधूनमधून काही कारण नसताना दुकानात येऊन बसतो.

डब्यातला मुख्य पत्ता चेतन शर्माचा. पण तो मुख्य कसा झाला हे सांगायला हवं, कारण कित्येक वर्षं तो डब्याच्या तळाशी होता.

१८ एप्रिल १९८६. शारजात शेवटचा चेंडू, पाकिस्तानला चार धावा हव्यात, चेतन शर्मा धावत येतो, फुलटॉस पडतो आणि मियांदाद तो प्रेक्षकांत पाठवतो. भारतभर त्या रात्री जे झालं तेच लोहाऱ्यातही झालं. पुढे वर्षभर ज्याच्या पाकिटातून चेतन शर्मा निघेल त्याला पोरं हसायची. एका श्रीकांतला चार चेतन शर्मा असा भाव होता, आणि चार देऊनही श्रीकांतवाला तयार होत नसे. मग ३१ ऑक्टोबर १९८७ आला. रिलायन्स कपातला भारत-न्यूझीलंड सामना, आणि तोही आपल्या नागपुरात. रुदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड. तीन चेंडू, तीन दांड्या. वर्ल्ड कपाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक. त्याच दिवशी गावसकरनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ काढले, त्याचं वनडेतलं ते एकमेव शतक. भाऊ त्या दिवशी नागपूरच्या स्टेडियममध्ये होते की लोहाऱ्यात टीव्हीसमोर, हे ऐकणारा कोण आहे त्यावर असतं. नागपूरचा माणूस समोर असला तर ते टीव्हीसमोर असतात.

एक नोव्हेंबरला शाळेच्या मैदानात चेतन शर्माचा भाव पार फिरला. दोन श्रीकांत देतो म्हणणारे फिरत होते. भाऊंनी दिला नाही. अजून वाढेल म्हणून थांबले. कापूसवाल्यांच्या घरात हे नेहमीचं आहे, दिवाळीला विकायचा नाही, संक्रांतीला पाहू. तो काही वाढला नाही. पोरं मोठी झाली, पत्ते डब्यात गेले.

आता या गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग. भाऊंनी दुकान टाकलं तेव्हा लॅमिनेशनचं मशीन नवीन होतं, गिऱ्हाईक नव्हतं, आणि हात बसवायला काहीतरी हवं होतं. त्यांनी डबा आणला. जे जे मौल्यवान होतं ते ते त्यांनी प्रेमानं निवडलं आणि मशीनमध्ये घातलं. कपिल देव. गावसकर. श्रीकांत. एकेक पत्ता प्लास्टिकमध्ये चमकत बाहेर आला आणि भाऊंना वाटलं, आता याला शंभर वर्षं काही होत नाही. चेतन शर्माला त्यांनी मशीनमध्ये घातलं नाही. त्याच्यावर प्लास्टिक कशाला फुकट घालवायचं?

गेल्या उन्हाळ्यात पुण्याचा पुतण्या आला. हा आयटीत आहे आणि दर खेपेला काकांना जगातली एक नवी गोष्ट सांगून जातो, जी निस्तरायला काकूंना सहा महिने लागतात. त्यानं मोबाइलवर दाखवलं की अमेरिकेत मिकी मँटल नावाच्या बेसबॉलवाल्याचा १९५२ सालचा एक पत्ता ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला.

"रुपयात सांग," भाऊ म्हणाले.

"शंभर कोटी, काका."

भाऊंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. पाणी प्यायले. मग पुतण्यानं पुढचं सांगितलं, की त्याच मालिकेतल्या पत्त्यांचे न खपलेले गठ्ठे कंपनीच्या माणसानं १९६० साली होडीवर लादून न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवले होते, गोदामात जागा होत नव्हती म्हणून. हे ऐकून वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, आतून म्हणाल्या, "इथं समुद्र नाई म्हणून वाचले हे. निळोण्यात टाकले असते, पण थे पाणी आपल्याच नळाले येते."

पुतण्यानं मग ग्रेडिंग समजावून सांगितलं. तिकडे पीएसए नावाची कंपनी आहे, १९९१ पासूनची. तिला पत्ता पाठवायचा. ते लोक तो भिंगाखाली धरतात. चित्र बरोबर मधोमध छापलंय का, कोपरे टोकदार आहेत का, कडा खरवडल्या का, वर ओरखडे आहेत का. मग एक ते दहा असा आकडा देतात आणि जाड प्लास्टिकच्या डबीत तो पत्ता कायमचा बंद करून परत पाठवतात. आकड्यावर किंमत. नऊ आणि दहा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक.

भाऊंना हे लगेच कळलं, आपल्याला कळायला वेळ लागला असता. "म्हंजे ग्रेडर," ते म्हणाले. "अन् शेवटी प्लास्टिकातच घालते न? मंग आपण काय वेगळं केलं?"

वेगळं काय केलं ते पुतण्यानं जपून सांगितलं. लॅमिनेशन केलेल्या पत्त्याला तिथे आकडाच मिळत नाही. अस्सल आहे, पण कुणीतरी हात लावलाय, फार तर एवढाच शेरा. कपिल गेला, गावसकर गेला, श्रीकांत गेला. उरलेल्यांपैकी अर्ध्यांच्या पाठीवर भाऊंनी बॉलपेननं स्वतःचं नाव आणि "वर्ग ६ ब" लिहिलेलं होतं, त्यालाही वेगळा शेरा. सगळ्यांत कोरा, स्वच्छ, चारही कोपरे शाबूत असा एकच पत्ता निघाला. ज्याच्यावर कुणी नाव टाकायचीही तसदी घेतली नव्हती.

भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांना एक गोष्ट समजली आणि ते पुन्हा हुशारले. पीएसएनं अगदी पहिला ग्रेड केलेला पत्ता म्हणजे होनस वॅगनर नावाच्या खेळाडूचा, त्याला आठ दिले होते, आणि पुढे २०१३ साली एका लिलाववाल्यानं कोर्टात कबूल केलं की त्या पत्त्याच्या कडा त्यानंच कापून सरळ केल्या होत्या. तोवर तो पत्ता अठ्ठावीस लाख डॉलरला विकला गेला होता. ही हकिगत भाऊ आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. आधार कार्ड घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याही ऐकतात. "पयल्याच पत्त्यात कात्री, बोला! अन् मायावाला कपिल चालत नाई."

तर चेतन शर्माला पाठवायचं ठरलं. ऑनलाइन फॉर्म उघडला. नाव, पत्ता, पिन ४४५००१, सगळं सरळ गेलं. मग एक रकाना आला. डिक्लेअर्ड व्हॅल्यू. ग्रेड झाल्यावर या पत्त्याची बाजारात काय किंमत होईल असं तुम्हाला वाटतं?

"हे आपण काऊन सांगाचं? ग्रेडर थे हायेत न?"

"आपणच सांगायचं असतं, काका."

भाऊ खुर्चीवरून उठले आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. तिथून दुकानाकडे पाहत राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "बारा कोटी टाक."

पुतण्यानं सांगितलं की त्या कंपनीची फी आपण सांगितलेल्या किमतीवर ठरते. किंमत थोडी सांगितली तर एका पत्त्याला पंचवीस-तीस डॉलर, म्हणजे दोन-अडीच हजार. जास्त सांगितली की वरच्या वर्गात जायचं, मग फी शेकड्यांनी डॉलर, आणि हजारांनीही. भाऊंनी मनात हिशेब केला, की अगदी स्वस्तात गेलं तरी तीन पत्त्यांना एक क्विंटल कापूस जातो, आणि म्हणाले, "शंभर रुपये टाक."

"पण काका, परत येताना पत्ता हरवला तर विमा तेवढ्याचाच. शंभर रुपये मिळतील."

"बारा कोटीच राहू दे."

"आणि कमी सांगून आकडा चांगला आला, तर ते नंतर वरच्या वर्गाची फी लावतात."

हा शेवटचा नियम भाऊंना सगळ्यात जास्त लागला. कमी सांगितलं तर पकडले जातो, जास्त सांगितलं तर भरतो. आजवर त्यांनी नगरपरिषद, साळा, ऑटोवाला आणि दोन सोयरिकी अशा सगळ्यांना तोंड दिलं, पण ते सगळे वेगवेगळ्या दिवशी आले होते. इथे घेणारा, देणारा, मोजणारा आणि विमावाला एकाच रकान्यात येऊन बसले होते. भाऊंना कुणाचा चेहराच दिसेना.

मग त्यांनी चारचौघांना विचारायला सुरुवात केली. बाजारभाव पाहावा म्हटलं, तर विकल्या गेलेल्या पत्त्यांच्या याद्यांत मँटल होता, जॉर्डन होता, बबलगमातला चेतन शर्मा नव्हता. चहाच्या टपरीवर यावर खूप बोलणं झालं. एकाचं म्हणणं, भारतातल्या माणसाला विकायचा तर नागपूरची हॅटट्रिक धरून किंमत लावावी. दुसरा म्हणाला, अरे, खरा पैसा पाकिस्तानी माणूस देईल, शारजाच्या षटकारासाठी. एकच पत्ता, एकच फोटो, पण तो कुणाच्या शोकेसमध्ये जाणार त्यावर किंमत. भाऊंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचंच तत्त्व कुणीतरी त्यांना ऐकवत होतं, आणि ते त्यांना अजिबात पटलं नाही. "थो आपला चेतन हाये," ते म्हणाले. "त्याले कायले इकता पाकिस्तानात?" मग तिसऱ्यानं आठवण करून दिली की हाच चेतन शर्मा पुढे निवड समितीचा अध्यक्ष झाला आणि २०२३ साली त्याला पायउतार व्हावं लागलं, त्यामुळे सध्या भाव थोडा नरम धरावा. या माणसाचा मुलगा अडत दुकानात आहे.

एवढ्यात ऑगस्ट आला आणि भाऊंची सुटका झाली. अमेरिकेनं आठशे डॉलरपर्यंतच्या टपालाची शुल्कमाफी काढून टाकली, तिकडे माल नेणाऱ्यांना नवे नियम कळेनात, आणि २५ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या टपाल खात्यानं अमेरिकेचं पार्सल घेणं थांबवलं. आधी पत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालतील असं होतं, आठवड्याभरात तेही बंद झालं. भाऊ दुःखी चेहऱ्यानं सगळ्यांना सांगत फिरले, "पाठोतच होतो. लिफाफा तयार हाये. ट्रम्पनं अडवला." त्या दीड महिन्यात चेतन शर्माची किंमत लोहाऱ्यात रोज वाढत होती. अमेरिकेच्या अध्यक्षानं स्वतः अडवलेला पत्ता म्हटल्यावर धाकटा भाऊ दिवसातून दोनदा येऊ लागला.

१५ ऑक्टोबरला टपाल पुन्हा सुरू झालं. वहिनींनी पेपरात वाचून बातमी दिली. कापसाची वेचणी सुरू होती, दिवाळी तोंडावर होती, कारणं भरपूर होती, पण वहिनींनी एकेक कारण बाजूला केलं आणि मला यांच्यासोबत जायला सांगितलं. आम्ही यवतमाळच्या पोस्टात गेलो. काउंटरवर बाई होत्या. त्यांनी परदेशी पार्सलचा सीएन २३ फॉर्म पुढे केला. आत काय आहे, वजन किती, किंमत किती.

"आत काय आहे?"

"पत्ता."

"पत्ता लिफाफ्यावर लिहा. आत काय आहे?"

"आत पत्ताच हाये. चेतन शर्माचा."

"चेतन शर्मांना पाठवायचंय का?"

हे उलगडायला थोडा वेळ गेला. मागची रांग लांबली. मग बाईंनी किंमत विचारली आणि सांगितलं की आता अमेरिकेला जाणाऱ्या पार्सलवर, तुम्ही जी किंमत लिहाल तिच्या पन्नास टक्के शुल्क इथेच, आत्ताच भरायचं. पन्नास टक्के. भाऊंचे ओठ हलताना मला दिसत होते.

"म्हंजे मॅडम, खरं बोललो तं आधी भरा लागते, अन् खोटं बोललो तं मंग रडा लागते?"

"तुम्ही किंमत सांगा, काका. मागं लोक उभे आहेत."

"आन् हे जे इथं लिहीन, थे तिकडल्या फॉर्मवर?"

"दोन्हीकडे सारखंच पाहिजे."

तिथे भाऊ थांबले. शुल्काचं त्यांनी मनात काहीतरी जमवलं असतं. दोन कागदांवर एकच किंमत, हे मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यांनी पेन हातात घेतलं, एक आकडा लिहिला, खोडला, शून्य वाढवलं, फॉर्म फाटला. बाईंनी दुसरा दिला. मागचा माणूस राखीचा गठ्ठा घेऊन आलेला असावा तशा घाईत होता, राखी होऊन दोन महिने झाले असले तरी. शेवटी भाऊंनी बाईंनाच विचारलं, अगदी हळू आवाजात, जसं त्यांच्या वडलांनी ग्रेडरकडे पाहिलं असेल तसं पाहून, "तुमाले काय वाटते? तुमीच सांगा न. तुमी जे म्हणसान थे."

बाईंनी पत्ता हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "यानं शारजाला फुलटॉस टाकला होता ना?" त्या म्हणाल्या आणि परत दिला.

आम्ही लोहाऱ्याला परत आलो, लिफाफ्यासकट.

आता भाऊंनी दुकानात स्वतःच ग्रेडिंग सुरू केलं आहे. पाटी लावली आहे. सध्या पोकेमॉनचे पत्ते पोरांच्या खिशात असतात, बहुतेक बनावट, दहा रुपयांच्या पुडीतले, आणि भाऊ तेच घेतात. आधी रकाना भरायचा. किंमत पोरानं स्वतः सांगायची. पन्नासपर्यंत सांगितली तर पाच रुपये फी, वर सांगितली तर दहा. मग भाऊ पत्ता ट्यूबलाइटखाली धरतात, दोन बोटांनी कडा चाचपतात, काही बोलत नाहीत, पोराकडे बघतही नाहीत, आणि आकडा सांगतात. सातच्या वर आजवर कुणाला मिळालेला नाही. एकानं कारण विचारलं तर म्हणाले, "ओलावा हाये."

"काका, पत्त्यात ओलावा कसा असेल?"

"हात दाखव तुया. घामानं भिजोला सारा. घेऊन जा परत, वाळव, अन् उद्या आण."

पोरं वाळवून आणतात. उन्हात मांडून ठेवलेले पत्ते आमच्या गल्लीत हल्ली रोज दिसतात. आयांनी तक्रार केली, पण आकडा घालून, प्लास्टिकमध्ये दाबून मिळालेला पत्ता पोरं काही केल्या सोडत नाहीत, आणि "सहा आहे माझा" म्हणून शाळेत मिरवतात. पीएसएनं लॅमिनेशनला नाही म्हटलं, त्याचं उट्टं भाऊ असं काढत आहेत, असं माझं मत आहे. पाच रुपये वेगळेच.

चेतन शर्माला मात्र त्यांनी अजून आकडा दिलेला नाही. स्वतःच्या मालाला स्वतः ग्रेड देणं बरं दिसत नाही म्हणतात.

दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी भंगारवाल्याला थांबवलं. जुना कूलर, सायकलचा सांगाडा, बाटल्या, आणि भाऊ झेरॉक्सच्या घाईत आहेत असं पाहून तो बिस्किटांचा डबाही त्यांनी ओट्यावर ठेवला. भंगारवाल्यानं डब्याला हात लावला तसे भाऊ गिऱ्हाइकाचा सातबारा मशीनमध्येच सोडून बाहेर धावले.

"याचं किती घेता, भाऊ?" भंगारवाल्यानं विचारलं.

"चाळीस लाख!"

ना चेहरा पाहिला, ना खाकरले. पुण्याच्या पुतण्याला आणि टपाल खात्याला मिळून जे काढून घेता आलं नाही ते एका भंगारवाल्यानं एका दमात काढून घेतलं. वहिनी कपाळाला हात लावून उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, चला, आता हाच आकडा दोन्ही फॉर्मवर लिहिता येईल.

भंगारवाल्यानं डबा उघडला, पत्ते काढून ओट्यावर नीट रचून ठेवले, आणि रिकामा डबा उलटा करून बोटानं वाजवला.

"थे तुमचे पत्ते ठिवा तुमच्यापाशी. मी डब्याचं इचारून रायलो."

भाऊंनी डबा त्याच्या हातातून घेतला. उजेडात धरला, चारही कोपरे पाहिले, झाकण लावून काढून पाहिलं, आणि मग त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"पत्रा जुना हाये हा," ते म्हणाले. "आता असा भेटत नाई. तू बोल, तुले कितीले पायजे?"